पेटीचं अस्तर

मदनलालनं हातातली लोखंडी कात्री वीतभर उंचीवरून हिरव्या बनातीवर सोडली, आणि आवाज आला नाही. एवढंच झालं. बाहेर टांगेवाला आपल्या घोड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, समोर तांबटाच्या दुकानात ठोके पडत होते, जळगावचा बाजार दुपारचा जसा असतो तसाच होता. आणि त्या सगळ्या गलबल्यात एक वस्तू पडली आणि वाजली नाही, म्हणून बेबाबाई त्या कात्रीकडे बघत राहिली. "बघा अक्का, आला आवाज?" मदनलाल खुशीत म्हणाला. त्याच्या आजोबांनी मारवाडातून येऊन हे दुकान टाकलेलं. मराठी तो जळगावकरांपेक्षा गोड बोलायचा आणि वार मोजताना कापड मात्र जरा जास्तच ताणायचा. "असली लोकर आहे. कचेरीत साहेबाच्या मेजावर हीच. साहेबानं रूळ आपटला तरी बाहेर शिपायाची झोप मोडत नाही. आणि घ्यायची तर आत्ताच घ्या, सरकार वार काढून मीटर आणतंय म्हणे, मग कोणालाच काही कळायचं नाही. कशाला पाहिजे म्हणालात? पेटीला? बाजाच्या?" "अवजारांच्या," ती म्हणाली. "मिस्त्रीच्या पेटीला कप्पे आहेत. त्यात अंथरायला." "अवजारांना बनात! आमच्या घरात दागिन्यांच्या डबीला नाही, अक्का. तुमच्याकडे पान्यांचे लाड फार." ती हसली, कारण तिथे हसायचं असतं. पण कात्री अजून तशीच पडली होती, तोंड वासून, आणि बेबाबाईला नवऱ्याचं सकाळचं बोलणं आत्ता ऐकू आलं. सकाळी ते नुसतं कानावर पडलं होतं. जाड बघ. मऊ बघ. रंगाचं काही नाही. आवाज व्हायला नको.

गंज चढायला नको, असं तोताराम म्हणाला नव्हता. धार मरायला नको, असंही नाही. तो कापसाच्या जिनातला फिटर; सगळा बाजार त्याला मिस्त्री म्हणायचा, आणि त्याची ती सागवानी, सहा कप्प्यांची पेटी लग्न झालं त्या वर्षीपासून अस्तरावाचूनच चालली होती. कप्पा ओढला की आतलं लोखंड हलायचं, आणि चुलीपाशी बसूनही बेबाबाईला कळायचं, हा वरचा, पान्यांचा; हा कानशींचा; हा छिन्न्यांचा. एक खणखणीत आवाज व्हायचा आणि संपायचा. अलीकडे तो संपत नव्हता. भर बाजारात, कोणाच्या तरी भाजीच्या पाटीला पाय लागता लागता ती थांबली. संपत नव्हता, हेच. कप्पा उघडायचा आणि आत किणकिण चालूच राहायची, दाराच्या साखळीला वारा लागावा तशी, बारीक, लांबत जाणारी. तिनं ती कितीदा ऐकली होती, आणि दर वेळी तिला वाटलं होतं, गाडी चालली आहे. घर रुळांजवळ, मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी बोलू लागतात. माणसाला हवं तेच ऐकू येतं. गेल्या उन्हाळ्यापासून भुसावळच्या रुळांवर एवढ्या गाड्या कशा वाढल्या, याचं तिला कधी नवल वाटलं नव्हतं.

मदनलालकडून मागून घेतलेली बनातीची चिंधी मुठीत घामेजली होती. आता सगळंच मागून चालत आलं, तिच्या पावलावर पाऊल टाकत. बशीतला चहा त्यानं सोडला, ते. 'बशीत चहा गार होतो' म्हणायला लागला. जन्मभर फुंकर घालघालून चहा पिणाऱ्या माणसाला गार चहाची एकदम भीती वाटू लागली. मग पितळी पेला, तोही अर्धा. मग पेला खाली ठेवूनच, वाकून, पहिला घोट. 'वासरू पितं का काय!' असं ती म्हणाली होती, आणि तोही हसला होता. काय हसला असेल! घरी दाढी करणारा माणूस न्हाव्याकडे जाऊ लागला, तेव्हा तिनं शेजारी सांगितलं, 'मुली उजवल्या, आता आमच्याकडे चैन सुरू झाली.' हात मोकळा असला की काही नसायचं. काही धरायला गेला की सुरू व्हायचं, म्हणून तो काही धरतच नव्हता. उजवा हात खिशात, नाहीतर बसला की मांडीखाली. जळगावचं जिन त्यानं सोडलं, 'सेठचा पोरगा आता कारभार बघतो, पोराचं ऐकून घ्यायचं माझं वय नाही' म्हणून, तेव्हा तिला अभिमानच वाटला होता. त्याच जिनातल्या ऑइलमनची बायको पुष्पाबाई संक्रांतीला म्हणाली होती, 'तुमच्या मिस्त्रींची पेटी लांबून ओळखू येते हो, वाजतच येते,' आणि बेबाबाईनं ते कौतुक समजून तिच्या हातावर जास्तीचा लाडू ठेवला होता. आणि पुढे आता धुळं होतं. तिथल्या एका जिनाचा मुनीम घेवरचंद स्वतः घरी येऊन गेला होता. हंगामाआधी सगळी मशीनं उघडायची, सुऱ्या लावायच्या, चालू करून द्यायची आणि हंगामभर तिथेच राहायचं. तोतारामनं एका बोलीत होकार दिला. धुळ्याला त्याला कोणी ओळखत नव्हतं. धुळ्याला त्याची पेटी वाजलेली कोणी ऐकली नव्हती.

जिन म्हणजे बाहेरच्या माणसाला पांढरा धुरळा आणि धडधड. बेबाबाईला जिन म्हणजे दोन सुऱ्या. लग्नाआधी ती स्वतः कापूस घालायला बसायची. जामनेरकडच्या खेड्यातून आलेली, अंगानं काडी आणि तोंडानं तिखट. कातड्याचा रोलर फिरतो, त्याला एक सुरी चिकटून उभी असते, दुसरी तिच्यापुढे खालीवर नाचते. बाई समोर बसते, मूठमूठ कापूस सारते. रुई पलीकडे जाते, सरकी खाली पडते. दोन सुऱ्यांमधली फट लावायची ती फिटरनं. कागदाच्या जाडीइतकी ती चुकली, एखादा बोल्ट अर्धा आटा सैल राहिला, की नाचणारी सुरी उसळते आणि समोर जे असेल ते आत घेते. समोर बाईचा हात असतो. तिच्या शेजारच्या मशीनवर सगुणा बसायची. सगुणाला गाण्याची फार हौस आणि सूर अजिबात नाही. बाया तिला 'गप गं, सरकीला कोंब फुटतील' म्हणायच्या. एका दिवशी तिचं गाणं मध्येच थांबलं. मशीन थांबलं नाही. रुई लाल यायला लागली. बोटं नंतर सरकीत सापडली, आणि ती कुठे ठेवायची हे कोणालाच कळेना. शेवटी एका बाईनं ती कापसातच गुंडाळली, कारण तिथे दुसरं काही नव्हतंच. तेव्हाचा फिटर पिऊन काम करायचा. तो गेला आणि तोताराम आला. सगुणाच्या मशीनवर कोणी बसेना. मुनीम ओरडला, मुकादम ओरडला, बाया भिंतीला टेकून उभ्याच. तेव्हा या नव्या फिटरनं ते मशीन सबंध उघडून लावलं, पट्टा चढवला, आणि सगळ्यांसमोर बायकांसारखं फतकल मारून पहिली मूठ स्वतः घातली. नाचत्या सुरीपासून दोन बोटांवर त्याचा हात, आणि दगडासारखा स्थिर. बेबाबाई त्या हातावर भाळली. चेहरा तिनं नंतर पाहिला, आणि तो बेताचाच निघाला. पुढे ती रीतच पडली. हंगामाचा नारळ फुटला की पहिली मूठ मिस्त्रीची. ती पडल्याशिवाय बाई बसणार नाही. इथून ती रीत माणसांबरोबर गावोगावच्या जिनांत गेली, आणि ती कोणी सुरू केली हे आता कोणी सांगितलंही नसतं.

घरी तोताराम ओट्यावर बसला होता, उजवा हात मांडीखाली. "मिळालं?" "नमुना आणला." "नमुना कायले? लग्नाचा शालू आहे का? सरळ वारभर घेऊन यायचं." "बघू तर द्या. मदनलाल म्हणतो तेच सोनं काय?" असं म्हणून तिनं वेळ काढला, आणि नंतरचे काही दिवस वेळच काढत राहिली. जणू जगात अस्तराचं नीट ठरेपर्यंत धुळ्याची वाट बंद राहणार होती. घोंगडीचा तुकडा आणला, तर तो म्हणाला, "घोंगडीत कसर लागते." सायकलची फाटकी ट्यूब उभी चिरून पाहिली; "रबर तेलानं फुगतं, मग पाना उचलायला गेलं की कप्पाच हातात येतो." गोणपाट खरबरीत, त्याची कूस अवजारांच्या सांध्यात जाते. रोलरचं जुनं कातडं घरात पडलेलं होतं, ते तिनं पुढे केलं तेव्हा तो खरोखर चिडला. "मिठात कमावलेलं असतं ते. महिन्यात गंज. एवढी वर्षं मिस्त्रीच्या घरात काढली आणि कातडं?" "मग गादीतला कापूस घालते." "कापूस ओल धरतो," तो म्हणाला. "माझा जन्म कापसात गेला, अवजारं तरी सुटू दे त्यातनं." यावर दोघं हसली. तेच तर अवघड होतं. या सगळ्या चर्चेत तो पूर्वीसारखा झाला होता, जाणता, हट्टी, बोटं न उचलता नुसत्या हनुवटीनं दाखवणारा, आणि तिला आपल्या नवऱ्याशी पुन्हा नव्यानं संसार मांडल्यासारखं वाटत होतं; फक्त तो संसार कशावर मांडला जातोय ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावरच कापडाचे तुकडे अंथरत होती.

प्रत्येक तुकड्यावर ती छोटा पाना टाकून बघायची, डोळे मिटून. पुष्पाबाई एकदा साखर मागायला आली आणि दारातच थबकली. "काय हो, अवजारांचं बारसं आहे का? नाव काय ठेवताय?" "गुपचूपराव," बेबाबाई म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे कसं निघालं म्हणून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोताराम अंगणाकडे बघत होता. पुष्पाबाई गेल्यावर तिनं खाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, वर बनात असा थर केला, त्यावर पाना टाकला, आणि काहीच ऐकू आलं नाही. नुसता हवेचा एक धक्का पायाला लागला. तिनं पाना उचलून त्याच्यापुढे धरला. "आता तुम्ही टाकून बघा." तो पान्याकडे बघत राहिला. "घ्या की." पाना दोघांच्या मधे राहिला. तिचा हात भरून आला, तरी तिनं तो मागे घेतला नाही. आता काढील, आता हात मांडीखालून काढील, आणि मग बोलावं लागणार नाही, दिसेलच. "तूच टाक," तो म्हणाला. "कान तुझे बरे आहेत." त्याच्या त्या बोलण्यात काय होतं ते तिला नीट ओळखता आलं नाही, थोडी विनवणी, थोडा दम. तिनं पाना ठेवला. जेवताना मात्र तिनं भाकरीकडे बघत विचारलं, "धुळ्याला नाही गेलं तर?" "नाही गेलं तर काय करू? दारात बसून येणारेजाणारे मोजू?" "मोजा की. कितीतरी माणसं मोजतात." "सुरी डोळ्यांनी लावत नसतात," तो म्हणाला, "हातानं लावतात. आणि हात माझा अजून..." घास तोंडापाशी होता. तो त्यानं ताटात ठेवला, सावकाश, जणू तिथेच ठेवायचा होता. "अजून काय?" "वरण वाढ."

वारभर बनात शेवटी आली. खळ करायला घेतली तेव्हा तो ओट्यावरूनच म्हणाला, "त्यात मोरचूद घालू नको. बुकबाइंडर घालतात झुरळासाठी. लोखंडाला खातं ते." तिला हे माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर ती वाण्याकडून चिमूटभर मोरचूद घेऊन आली. निळे खडे तळहातावर घेऊन ती चुलीपाशी कितीतरी वेळ बसली. खळीत विरघळले असते. वर नमदा, वर बनात, काही दिसलं नसतं. फट मोजायच्या त्या कागदासारख्या पोलादी पट्ट्या हंगाम तोंडावर येईतो खवल्या गेल्या असत्या, पाने तांबरले असते, आणि मिस्त्री अवजारांच्या नावानं बोटं मोडत घरी परत आला असता. हाताचं नावही निघालं नसतं. तिनं इतक्या वर्षांत नवऱ्याच्या कशातही काही मिसळलं नव्हतं. मीठसुद्धा तो आपल्या हातानं वरून घ्यायचा, घ्यायचा तेव्हा. खडे तिनं मोरीत टाकले आणि हात चोळून चोळून धुतले, तरी नखांच्या कडेला निळं राहिलंच. मग तिनं निदान वाईट काम करावं असं ठरवलं. कुठे पोकळ ठेवावं, कुठे कापड आखूड कापावं, म्हणजे एखादा तरी कप्पा बोलेल. तेही जमेना. हात आपल्या सवयीनं कोपरे दुमडत गेले, बुडबुडे दाबत गेले, कडा बोटानं बसवत गेले. इतकं सुबक काम तिच्या हातून मुलींच्या झबल्यांनंतर झालं नव्हतं. वाळल्यावर तोतारामनं अवजारं लावली, तिला बाहेर पाठवून, आणि मग कप्पे उघडून मिटून पाहिले. ती अंगणात उभी राहून ऐकत होती. एकदाही काही आलं नाही. त्यानं दारात येऊन तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात नुसता आनंद होता. "शांत आहे," तो म्हणाला. "मी पण येते धुळ्याला," ती म्हणाली. "तू कायले?" "भाकरी कोण टाकील तुमच्या? घेवरचंद?"

एरंडोल, पारोळा, मग धुळं. एस.टी.त पेटी दोघांच्या पायांमध्ये होती. गाडी खड्ड्यातून उसळायची, माणसं एकमेकांवर पडायची, आणि पेटी गप्प. कडेवर घेतलेलं लेकरू फार वेळ रडलं नाही की आईचा जीव जसा वरखाली होतो, तसं बेबाबाईचं होत होतं. जिनाच्या आवारात त्यांना खोली मिळाली. तोताराम सकाळी मशीनघरात शिरायचा आणि आतून दार लोटून घ्यायचा; कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. ती भाकरी घेऊन जायची तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून बसलेला असायचा. एकदा दाराशी पोचली आणि आत फरशीवर वायसर पडल्याचा आवाज झाला. मग थोडी शांतता. मग पुन्हा तोच वायसर, पुन्हा फरशी. ती दाराबाहेरच उभी राहिली, भाकरीचं फडकं छातीशी धरून. पेटीला अस्तर होतं, फरशीला नव्हतं. आवारात बाया हंगामासाठी टोपल्या सारवत, अंगण झाडत असायच्या. त्यातली सगळ्यात जुनी भिकुबाई, गालाच्या हाडांवर गोंदण, तोंडात तंबाखू. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कथाइन उनात, माय?" "जळगावहून." "मिस्त्री येकलाच काम करस. कोनले जोडे येऊ देत नही." "त्यांची सवय आहे ती," बेबाबाई म्हणाली. भिकुबाईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग तंबाखूची डबी पुढे केली. "ले. सवय चांगली ऱ्हास," ती म्हणाली, आणि पुन्हा शेणात हात घातला.

मुहूर्ताच्या सकाळी नारळ फुटला. घेवरचंद मुनीम नवी टोपी घालून आला होता आणि तीनदा तीनदा सगळ्यांना प्रसाद वाटत होता. बाया टोपल्या कडेवर घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. मशीनांची रांग तेलानं चकाकत होती. "चला मिस्त्री," मुनीम म्हणाला, "मूठ घाला. बायका खोळंबल्या." "हो, हो," तोताराम म्हणाला, आणि जागचा हलला नाही. उजवा हात खिशात होता. बेबाबाईला एवढंच करायचं होतं की काहीच करायचं नाही. उभं राहायचं. आपोआप निघालं असतं सगळं, त्याच्याच हातून, तिला बोलावं न लागता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठावर घाम आला होता, आणि तो मशीनाकडे असा बघत होता की जणू ते लांबच्या गावाला आहे. "मी घालते," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. "इतकी वर्षं त्यांनीच घातली. मीही कधीकाळी बसले आहे, अजून विसरले नाही." "वा!" घेवरचंद म्हणाला. "लक्ष्मीच्या हातची मूठ! याच्याहून चांगला शकुन काय!" ती पहिल्या मशीनसमोर बसली, पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या, आणि मुठीत कापूस घेऊन तोतारामकडे पाहिलं. सगळं त्या पाहण्यात घातलं तिनं. मला माहीत आहे. गाड्यांचा आवाज नव्हता तो, मला माहीत आहे. तुझा भरवसा असेल तर पट्टा चढव. नसेल तर म्हण, अजून काम राहिलं आहे, एवढंच म्हण. तो थांबेल अशी तिची खात्री होती. तोतारामनं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि डाव्या हातानं पट्ट्याचा दांडा ओढला.

पट्टा सरकला. रोलर हलला, फिरला, सुरी नाचू लागली, आणि जुना थरथराट जमिनीतून तिच्या मांड्यांत, पाठीत, दातांत चढला. हात पुढे गेला. तो तिनं नेला असं तिला वाटलं नाही. बोटांना सुरीचा वारा लागला. कापूस ओढला गेला, रुई पलीकडे गेली, सरकी टपटप खाली पडली. बोटं होती. दुसरी मूठ. बोटं होती. दर फेऱ्याला कुठेतरी बारीक टकटक होत होती, कापूस घालणाऱ्या बाईलाच कळेल एवढी. ती फिरत्या लोखंडाची असेल, किंवा तिच्या कानशिलातली. तिनं मान वर केली. तोताराम हसत होता. ओट्यावरचं हसू नव्हतं ते. सगुणाच्या मशीनवरून उठलेल्या पोरसवदा फिटरचं होतं, आणि ते बघून तिला कळलं की तिनं विचारलेलं त्याला ऐकूच गेलं नव्हतं. आपली बायको सगळ्यांदेखत आपल्या हातावर विश्वास ठेवून बसली, एवढंच त्यानं पाहिलं होतं. "बघा," तो मुनिमाला म्हणाला, "आहे का काही? लोण्यासारखं चाललंय." आणि भिंतीपासून बाया सुटल्या. टोपल्या खाली ठेवल्या गेल्या, पदर खोचले गेले. एकेक बाई एकेका मशीनसमोर बसली. तिच्या शेजारी एक पोरगी बसली, नुकतं लग्न झालेली असावी, मनगटांवर हिरवा चुडा इतका दाट की तो मागे सारता सारेना. ती स्वतःशीच हसत एकेक बांगडी वर चढवत होती. तोताराम तिच्या पट्ट्याच्या दांड्याकडे निघाला. बेबाबाईनं मुठीतला कापूस टाकला. एका बाईला एकाच मशीनवर बसता येतं. हे तिच्या आधी का लक्षात आलं नाही?

ती उठली आणि तिनं त्या पोरीचं मनगट धरलं. बांगड्या करकरल्या. "बसू नको," ती म्हणाली. पोरीला वाटलं थट्टा आहे. "बसू नको म्हणते ना! मिस्त्रीचा हात कापतो." एकच मशीन चालू होतं, तिचं बोलणं सगळ्यांपर्यंत गेलं. घेवरचंदच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा हातातच राहिला. तोताराम दांड्यापाशी थांबला. बेबाबाई त्याच्याकडे बघू शकली नाही. ती पोरीच्या मनगटाकडे बघत राहिली, तिथे तिच्या बोटांचे वळ उमटत होते. कोणीतरी ओरडेल, विचारेल, हात दाखवा म्हणेल, असं तिला वाटलं. मग पलीकडच्या मशीनसमोरून भिकुबाई बोलली, बसल्या बसल्याच, तोंडातला तंबाखू एका गालात सारून.

"ते आम्हले मालूम शे, माय. तुम्ही उनात तवयपाईन देखी ऱ्हायनूत. त्यानी भाकर खाताना देखी, बिडी पेटाडताना देखी. बठ्ठ्यासले मालूम शे."

"मग बसलात कशा?" बेबाबाईचा आवाज फाटला. "माहीत असून बसलात कशा?"

"आम्ही बसनार नही व्हतूत. तशेच उभ्या ऱ्हातूत, मुनीमले काय कराना ते करू देतूत." भिकुबाईनं रांगेकडे नजर फिरवली. "तू मूठ टाकी, म्हनीसन बसनूत. मिस्त्रीनी बायको आपला हात खोटा मशीनमा घालाव नही, असं मी या पोरीसले सांगं." ती थांबली. "आते तूच सांग. उठूत का बसूत?"

सगळ्या बाया बेबाबाईकडे बघत होत्या. रागानं नाही, वाट बघत होत्या. आता तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि बघितल्यावर मान फिरवली नाही.

"उठा," ती म्हणाली.

भिकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या, पदर सोडले, टोपल्या उचलल्या. तोताराम मागे आला आणि पहिल्या मशीनचा दांडा त्यानं परत ओढला. या वेळी उजव्या हातानं, म्हणून त्याला तो दोनदा धरावा लागला. पट्टा उतरला तरी रोलर लगेच थांबत नाही, आपल्याच वजनानं फिरत राहतो. तो फिरायचा थांबेपर्यंत सगळ्या बाया रांगेनं उभ्या राहिल्या, ज्या घरातून कोणाची तरी तिरडी बाहेर काढायची असते त्या घराच्या दारात उभ्या राहतात तशा.